वाकड्या हँडलची सायकल

सायकल घरात येण्याआधीच एकदा परत गेली होती, आणि तिला परत पाठवणारा मेघाचा सख्खा मोठा भाऊ होता.

झालं असं, की कुरिअरची गाडी सिहोऱ्याच्या चौकात येऊन थांबली तेव्हा विनोद तिथंच पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत उभा होता. गाडीवाल्यानं खोक्यावरचं नाव वाचून घर विचारलं. विनोद पुढं झाला आणि म्हणाला, या नावाची पोरगी इथं राहत नाही, तिचं लग्न झालंय, ती आपल्या सासरी आहे. गाडी आल्या वाटेनं निघून गेली. मेघाच्या फोनवर निरोप आला की दिलेल्या पत्त्यावर कोणी सापडलं नाही. संध्याकाळी तिनं विनोदला विचारलं, तर त्यानं ते लपवलंसुद्धा नाही. यात खोटं काय होतं, एवढंच उलट विचारून तो जेवायला बसला.

मेघाचं लग्न त्यानंच जमवलं होतं. मुलगा वारासिवनीचा, विनोदचा जानी दोस्त. दोघं मिळून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकणार होते. जागा ठरली होती, पाटीसुद्धा रंगवून झाली होती. पण नवरा मेघावर हात उचलायचा. तिनं सोसवलं तोवर सोसलं आणि मग कपड्यांची एक पिशवी घेऊन माहेरी आली, ती पुन्हा गेलीच नाही. दोस्ती तुटली, दुकान उघडण्याआधीच बंद झालं. आई सुंदरबाई जिवंत होती तोवर घरात कोणी वर आवाज काढला नाही. आई गेली आणि विनोदच्या जिभेचा लगाम सुटला. आपलं वाटोळं बहिणीनं केलं, हे तो आता जेवताना, अंघोळीला जाताना, गाडी पुसताना, केव्हाही बोलून दाखवायचा. बाप कवडू ऐकायचा आणि खर्रा चघळत दुसरीकडं बघायचा. वहिनी मोना तर नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला खालून टेकू द्यायची.

मेघा तुमसरला एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम करायची. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सकाळी उजाडताच येऊन बसतात, आणि त्या वेळेला सिहोऱ्याहून बस नाही. काळी-पिवळी जीप भरेपर्यंत ऊन वर येतं. विनोद तुमसरलाच नोकरीला होता, म्हणून ती त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जायची. तिच्यासाठी तो लवकर निघायचा, आणि हे उपकार ती उतरेपर्यंत मोजायचा. अर्धी मान वळवून बोलायचा, म्हणजे एक शब्दही वाऱ्यावर जाऊ नये. संध्याकाळी ती लॅबच्या पायरीवर त्याची वाट बघत उभी राहायची. कधी तो मुद्दाम उशिरा यायचा, कधी यायचाच नाही आणि घरी गेल्यावर म्हणायचा, विसरलो.

स्वतःची स्कूटी घ्यायची म्हटलं तर लायसन, कागदपत्रं, आणि प्रत्येक खिडकीत विनोदच्या ओळखीचा माणूस. सायकलला यातलं काहीच लागत नाही. शाळेत असताना मिळालेली सरकारी सायकल तिनं पार गंजेपर्यंत चालवली होती. शिवाय रविवारी कधी गोंदियाकडची सायकलवाली पोरंपोरी पातळ टायरच्या, शिंगांसारख्या वाकड्या हँडलच्या सायकली घेऊन त्या रस्त्यानं जायची. एकदा तर विनोदच्या मोटारसायकलच्या मागून येऊन त्यातली एक पोरगी पुढं गेली. विनोदनं शिवी हासडली. मेघाच्या मनात ती सायकल त्या दिवशीच बसली.

दुसऱ्या वेळी तिनं लॅबचा पत्ता दिला. खोकं आलं ते जवळपास तिच्या उंचीचं. तुमसरच्या सायकलवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, असली सायकल मी कधी उघडली नाही, भंडाऱ्याला न्या. मेघाला वाटलं, रोज लॅबमधली यंत्रं आपण पुस्तिका वाचून चालवतोच, तर ही सायकल का जुळणार नाही? सिहोऱ्याला खत घेऊन जाणाऱ्या टेम्पोवर तिनं खोकं टाकलं आणि त्याला धरून मागंच बसली.

घरात जागा मिळाली नाही. मोनानं बैठकीच्या दारात आडवं उभं राहून सांगितलं, की इथं पसारा नको. म्हणून रविवारी सकाळी मेघानं समोरच्या सपरीत, दारापुढच्या पडवीत, पोतं अंथरलं आणि खोकं फोडलं. अंगणात धानाची पोती रचलेली होती. त्यांच्या बाजूला विनोद आणि त्याचे दोन दोस्त प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. थंडीचे दिवस, उन्हात बसायला बरं वाटत होतं आणि बघायला तमाशा आयताच मिळाला होता.

खोक्यातून आधी फोमचे तुकडे निघाले, मग प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला सांगाडा. पुढचं चाक सांगाड्याच्या कुशीला बांधलेलं, हँडल वायरींना लोंबकळत, बसायची सीट वेगळी, आणि एका डबीत दोन पेडलं, एल-आकाराचे पाने, एक पातळ चपटा पाना. सोबत एक कागद होता. त्यातली चित्रं नखाएवढी आणि अक्षरं त्याहून लहान. फोनवर व्हिडिओ लावला, तर त्यातल्या माणसाची सायकल वेगळी, आणि जे तिला अडत होतं तेच तो हसत हसत दोन क्षणांत उरकत होता.

तिनं पट्ट्या कापल्या. सीटचा दांडा घातला, तो एका हातानं सहज बसला, म्हणून तिला धीर आला. मग पुढचं चाक लावलं. हँडल त्याच्या खोबणीत बसवून समोरचे चार स्क्रू पिळले. सायकल पहिल्यांदा स्वतःच्या दोन चाकांवर भिंतीला टेकून उभी राहिली. मेघा मागं सरकून बघायला लागली. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. दिसायला सायकल होती, आणि तरी ती मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी दिसत होती.

अंगणातून बोलणी चालू होती. एक दोस्त म्हणाला की शो-पीस म्हणून छान आहे. विनोद म्हणाला, संसार जोडता आला नाही, सायकल जोडून राहिली. दोस्त हसले. मोना तांदूळ निवडत दारात बसली होती, तीही हसली. कवडू पोत्यांना टेकून बसला होता. त्यानं तेवढं थुंकून घेतलं.

मेघानं पेडलं हातात घेतली. उजवं सहज फिरत आत गेलं. डावं मात्र धरेना. तिनं हातानं फिरवलं, मग पाना लावला, मग पान्यावर सगळं वजन टाकलं. कर्र असा आवाज झाला आणि पेडल तिरकं होऊन अडकलं. तिनं ते उलटं फिरवून काढलं, तर आट्यांतून चकचकीत बारीक चुरा पोत्यावर पडला. तेव्हा तिनं पेडलच्या टोकावरचं बारकं अक्षर पाहिलं आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. डावं पेडल डावीकडंच फिरवायचं असतं. जगातले सगळे स्क्रू एका बाजूनं बसतात आणि हे एक उलटं.

"मले मालूम होतं ते," विनोद खुर्चीतूनच म्हणाला. "डावा पेडल उलटा फिरते. मी तवाच पायलं, तू नासवतेस म्हनून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू कोनाले विचारून करतेस काई, का मी सांगू?"

मेघानं पहिले आटे फडक्यानं पुसले, पेडल सरळ धरलं आणि यावेळी उलट्या बाजूनं हळूहळू फिरवलं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना ते दात खात गेलं, मग बसलं. बसलं खरं, पण नवीकोरी वस्तू पहिल्याच दिवशी जखमी झाली होती. आणि तिला जखमी होताना बघत एक माणूस आरामात बसून राहिला होता.

सायकलची मान मुरगळल्यासारखी का दिसते, तेही तिला थोड्या वेळानं उमगलं. ब्रेक चाकाच्या पुढं असायला हवा, तो मागं, सांगाड्याच्या बाजूला आला होता. म्हणजे खोक्यात वळवून ठेवलेला, पुढचं चाक धरणारा चिमटा तिनं तसाच उलटा ठेवून वर हँडल बसवलं होतं. आता हँडलच्या मानेला बाजूनं असलेले दोन स्क्रू ढिले करायचे, चिमटा चाकासकट अर्धा फेरा फिरवायचा, चाक हँडलच्या बरोबर समोर आणायचं आणि मग ते दोन स्क्रू घट्ट आवळायचे. कागदावर त्या दोन स्क्रूंच्या चित्राभोवती जाड त्रिकोण काढला होता. तिनं स्क्रू ढिले केले, चाक फिरवलं, दोन्ही पायांत चाक धरून हँडल सरळ केलं. सायकल एकदम सायकल झाली. डौलदार, हलकी, निघायच्या तयारीत उभी. स्क्रू तिनं बोटांनीच लावून ठेवले, कारण चाक अजून केसभर डावीकडं वाटत होतं आणि ते एकदा लांबून बघायचं होतं.

तेवढ्यात लॅबमधून फोन आला. रविवारच्या पाळीवरच्या मुलीला एक नमुना सापडत नव्हता. अंगणातल्या हसण्यात ऐकू येईना म्हणून मेघा आत स्वयंपाकघराकडं गेली.

फोन संपवून ती बाहेर आली तेव्हा विनोद सायकलवर टांग टाकत होता. दोस्तांपैकी कोणीतरी डिवचलं असावं, की तुला ही चालवता येणार नाही. त्यानं पँटचा पाय वर दुमडला होता आणि वाकड्या हँडलला दोन्ही हातांनी धरून तो वाकून बसला होता. मेघा दारातून सपरीत आली. तिच्या डोळ्यांपुढं फक्त ते दोन स्क्रू होते.

"दादा, उतर. त्याचं अजून..."

"चूप राय," विनोद मागं न बघता म्हणाला. "आता तू मले सायकल शिकवशीन का?"

दोस्त हसले. मेघाचं तोंड उघडं होतं. वाक्य पुरं करायला दोन शब्दांची गरज होती आणि ते दोन्ही शब्द तिच्या जिभेवर होते. चार पावलांवर सायकलची सीट होती, पुढं होऊन हातानं धरता आली असती. तिनं तोंड मिटलं. हात ओढणीत गुंडाळून घेतला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

विनोद अंगणातून बाहेर पडला. सरळ रस्त्यावर सायकलनं काही तक्रार केली नाही. त्याला ती आवडलीसुद्धा असावी, कारण त्यानं वेग वाढवला आणि एक हात वर करून दोस्तांना दाखवला. पुढं नहरावरचा छोटा पूल, पुलिया आहे, तिथं रस्ता उजवीकडं वळतो. विनोदनं हँडल उजवीकडं वळवलं. हँडल वळलं, चाक वळलं नाही. सायकल सरळ पुलियाच्या कठड्यावर गेली आणि विनोद तिच्यावरून पुढं उडाला.

ओरडण्याचा आवाज घरापर्यंत आला. दोस्त धावले, मोना तांदळाचं सूप फेकून धावली, म्हातारा कवडूसुद्धा धावला. मेघा चौकटीतच होती. तिनं पाहिलं, विनोद उठून बसला, त्याचं तोंड लाल झालं होतं आणि उजवा हात मनगटापासून भलत्याच बाजूला लोंबत होता. मग तिथं गर्दी झाली. कोणाची तरी चारचाकी आली आणि त्याला तुमसरला घेऊन गेली. मोना आणि कवडू त्याच गाडीत बसले. दवाखान्यातले डॉक्टर मेघाच्या ओळखीचे होते, रोजच्या बोलण्यातले. तरी चल म्हणून तिला कोणी म्हटलं नाही आणि तीही येते म्हणाली नाही.

सगळे गेल्यावर ती पुलियावर गेली. सायकल अजून तिथंच आडवी पडली होती, कोणी उभीसुद्धा केली नव्हती. हँडलला गुंडाळलेली पट्टी एका बाजूनं फाटली होती, ब्रेकचा दांडा आत वळला होता, रंग खरवडला होता. सांगाडा शाबूत होता. ती सायकल घेऊन घरी आली, सपरीत पोत्यावर बसली, चाक सरळ केलं आणि ते दोन स्क्रू आळीपाळीनं आवळले, पाना तळहातात रुतेपर्यंत आवळले. मग पुढचं चाक पायांत दाबून हँडल हिसडून पाहिलं. ते जागचं हललं नाही. दादा पडला तेव्हा आपण चौकटीतून हललोसुद्धा नाही, हे आता तिच्या लक्षात आलं, आणि याचीच तिला भीती वाटली. लॅबमध्ये परक्या माणसाला नुसती भोवळ आली तरी ती धावत जायची.

दिवस मावळता मावळता ते परतले. विनोदचा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, ओठ सुजलेला, समोरचा एक दात गेलेला. आत येऊन तो खाटेवर बसला आणि भिंतीकडं बघत राहिला. बोलली ती मोना.

"तुले मालूम होतं का, ते ढिलं आहे म्हनून?"

हो-नाही करायला जागा होती. घाईत लक्षात आलं नाही म्हटलं असतं तर वर्षभर शिव्या खाऊन प्रकरण मिटलं असतं.

"मालूम होतं," मेघा म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलत होती. चूप राय म्हनला. मी चूप रायली."

मोनानं कपाळावर हात मारला आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सुरू झाली. कवडूनं तिला हातानं थांबवलं. आई गेल्यापासून भावाबहिणीच्या भांडणात तो पहिल्यांदाच तोंड उघडत होता.

"दोन शबुद होते, मेघा," तो म्हणाला. "एवढे बोलाले किती येळ लागते?"

मेघानं त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या दिवसांत या माणसानं तिच्या बाजूनं एक शब्द खर्च केला नव्हता, आणि आज तो हिशेब मागत होता.

"तुमाले बी बोलता येत होतं, बाबा," ती म्हणाली. "रोज बसून ऐकत होते ना तुमी."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. त्याला लागलं हे तिला दिसलं. तिला बरं वाटलं नाही, पण शब्द मागंही घ्यावासा वाटला नाही.

विनोद मात्र आता भिंतीवरून तिच्याकडं वळला. पडलेल्या दातामुळं त्याचं बोलणं फुसफुसत होतं. आज हात गेला, उद्या ही जेवणात काही कालवेल, असं तो मोनाला म्हणाला. मेघाला नाही, जणू ती तिथं नव्हतीच. आणि आजपासून हिच्या हातचं पाणीसुद्धा आपल्याला देऊ नको.

मेघा आत गेली. कपडे भरायला तिला फार वेळ लागला नाही, तिचं त्या घरात फारसं काही नव्हतंच. सकाळी अंधार विरता विरता तिनं पिशवी पाठीला बांधली आणि सायकल अंगणातून बाहेर काढली. कोणी जागं झालं नाही, किंवा झालं असेल तर बाहेर आलं नाही. फाटकी पट्टी हाताला टोचत होती, वाकलेला ब्रेक अर्धाच लागत होता, डावं पेडल प्रत्येक फेरीला कुरकुरत होतं. पुलियाच्या वळणावर तिनं वेग कमी केला आणि सावकाश वळली. पुढं धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांवर धुकं होतं आणि मान वळवून बोलणारं कोणी नव्हतं. पण ज्या मोकळेपणासाठी एवढं केलं, तो काही तिला त्या रस्त्यावर भेटला नाही. सारखं तेच दिसत होतं: वर केलेला एक हात, आणि मग कठडा.

तुमसरला लॅबच्या मागच्या गल्लीत पार्वताबाई नावाच्या विधवा बाईनं तिला एक खोली दिली. तिथून लॅबला चालत जाता येतं. सायकलची गरजच उरली नाही. ती खोलीत भिंतीला टेकून उभी असते. रविवारी कधी मेघा ती काढते आणि भंडाऱ्याच्या रस्त्यानं जाऊन येते. सिहोऱ्याच्या रस्त्याला ती लागत नाही.

विनोदचं मनगट नीट जुळलं नाही. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी टाकावी लागेल असं ठरलं, आणि त्याआधी रक्त तपासायला डॉक्टरांनी त्याला लॅबमध्ये पाठवलं. दुसरी मुलगी सुट्टीवर होती. मेघानं नाव पुकारलं आणि तो पडद्याआड येऊन खुर्चीत बसला. सोबत कोणी नव्हतं. त्यानं तिला पाहिलं, उठायला झाला, मग बाहेरच्या गर्दीकडं बघून पुन्हा बसला आणि डावा हात टेबलावर ठेवला.

"सुई नवी आहे ना?" त्यानं भिंतीला विचारलं.

मेघानं सुईचं पाकीट त्याच्यासमोर धरलं, तो बघेपर्यंत थांबली आणि मग फोडलं. दंडाला रबर बांधलं. "मूठ आवळा," ती म्हणाली, अनोळखी पेशंटला म्हणते तसं. त्यानं मूठ आवळली. शीर चांगली टपोरी होती, आईच्या हातावर असायची तशी. एका टोचणीत रक्त आलं. दुसरी कोणी असती तर त्याला जास्त दुखलं असतं.

तिनं कापूस ठेवून त्याचा हात कोपरात दुमडला. दाबून धरायला त्याचा दुसरा हात कामाचा नव्हता, म्हणून रक्त थांबेपर्यंत तिलाच धरून राहावं लागलं. विनोदचा हात तिच्या बोटांखाली दगडासारखा ताठ होता. मग तिनं चिकटपट्टी लावली, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणून सांगितलं.

"मोना येईन घ्याले," तो म्हणाला आणि पडदा सारून निघून गेला.

मेघानं बाटलीवर त्याचं नाव आणि खाली आपलंही असलेलं आडनाव लिहिलं, ती रॅकमध्ये ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.